नंबर सांगा ना, मॅडम

फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो, असं छातीठोकपणे सांगणारं एक तरी माणूस आता प्रत्येक घरात असतं. आमच्याकडे त्या माझ्या सासूबाई. "काल गुडघ्याचं नाव काढलं आणि आज तेलाची जाहिरात हजर!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे गेल्या वर्षी त्यांना मधुमेहाचं निदान झालं आणि पाठोपाठ त्यांच्या फोनवर 'शुगर मुळापासून बरी' करणाऱ्या जाहिरातींची रीघ लागली, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. सासूबाईंनी देवघरात फोन न्यायचं तेवढं बंद केलं.

जाहिराती नुसत्या दिसून गेल्या असत्या तर हे लिहायला बसले नसते. एका जाहिरातीखाली 'मोफत सल्ला' असं बटण होतं. ते दाबलं की फॉर्म उघडायचा आणि त्यात नाव, मोबाइल नंबर आधीच भरलेले. खालचं बटण दाबायचं तेवढं बाकी. सासूबाईंनी दाबलं. तासाभरात फोन आला. पलीकडचा माणूस स्वतःला डॉक्टर म्हणवत होता, 'आई, आई' करत गोड बोलत होता. तीन महिन्यांची साखर किती आली, गोळी कोणती चालू आहे, सगळं त्याने विचारून घेतलं. आठवड्याच्या आत चूर्णाचे डबे घरी आले, पैसे दारातच मोजून दिले. डब्यांबरोबर फोनवरून सल्लाही मिळाला: चूर्ण सुरू झालं की गोळ्या हळूहळू बंद करा, त्यांनी किडनी खराब होते. सासूबाईंनी त्या हळूहळू नाही, एकदमच बंद केल्या. आम्हाला हे कळलं ते त्यांना गरगरायला लागून दवाखान्यात नेलं तेव्हा. साखर चारशेच्या घरात होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो डबा उलटसुलट करून पाहिला, काही न बोलता टेबलाखालच्या टोपलीत टाकला आणि जुनीच गोळी पुन्हा लिहून दिली.

मधुमेह बरा करतो असा दावा करणारी जाहिरात आपल्याकडे आजची नव्हे, १९५४ पासून बेकायदा आहे. 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव स्पष्ट आहे. पण तो कायदा झाला तेव्हा जाहिरात वर्तमानपत्रात यायची, नाहीतर भिंतीवर रंगवलेली असायची. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसायची. एखादा डॉक्टर, एखादा जागरूक मास्तर ती वाचून तक्रार करू शकायचा. सासूबाईंच्या फोनवरची जाहिरात मला दिसली नाही, माझ्या नवऱ्याला दिसली नाही, आमच्या डॉक्टरांना तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. नुकतंच निदान झालेल्या, घाबरलेल्या, साठी उलटलेल्या माणसांनाच ती दाखवली जात असेल, तर तिच्यावर बोट ठेवणार कोण? माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सर्वांत वाईट गोष्ट हीच आहे. आवडीच्या साडीची जाहिरात मागे लागली तर लागू दे, तिने कुणाचं फारसं बिघडत नाही.

माझ्या नणंदेचा मुलगा पुण्यात जाहिरातींचंच काम करतो. क्लासेस, सराफी दुकानं, बिल्डर अशा गिऱ्हाइकांच्या जाहिराती समाजमाध्यमांवर चालवून देतो. दिवाळीला आला तेव्हा सासूबाईंनी त्याच्यापुढे फोन ठेवला आणि ऐकणारं यंत्र बंद कर म्हणून फर्मावलं. तो हसला. "आजी, तो ऐकत नाही गं. त्याला ऐकायची गरजच नाही."

त्याच्या म्हणण्याला आधार आहे. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली. कोणतंही ॲप गुपचूप माइक चालू करून बोलणं बाहेर पाठवत असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. काही ॲप मात्र आपल्या स्क्रीनवर काय चाललंय त्याचं चित्रण करून तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती.

मग भाच्याने लॅपटॉप उघडला आणि जाहिरात देणाऱ्याच्या बाजूने हे सगळं कसं दिसतं ते मला दाखवलं. मी आजवर फोनचा पुढचा भागच पाहत होते. हा मागचा भाग पाहिल्यावर माझे बरेच गैरसमज गेले. शहर, वय, स्त्री की पुरुष, कशात रस आहे, हे निवडायचे रकाने होते, पण ते तो भराभर ओलांडून गेला. "हे जुनं झालं, मामी. खरी गंमत पुढे आहे." पुढे एक जागा होती, तिथे एक्सेलची फाइल चढवायची. फाइलमध्ये गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर. सराफाच्या बिलबुकातले असोत, क्लासच्या चौकशी वहीतले असोत. यंत्रणा त्या नंबरांवरून माणसांची खाती शोधते आणि जाहिरात नेमकी त्यांनाच दाखवते. नंबर जसेच्या तसे जात नाहीत, आधी त्यांचं सांकेतिक अक्षरांत रूपांतर होतं, असं कंपन्या सांगतात. ते खरं आहे. पण तुमच्या खात्याला जोडलेल्या नंबराचंही त्याच रीतीने रूपांतर केलेलं असतं. दोन्ही जुळले की काम झालं.

त्याही पुढची पायरी म्हणजे लुकअलाइक. हजारेक मधुमेहींची यादी दिली की त्यांच्यासारखे वागणारे आणखी लाखो लोक यंत्रणा स्वतः शोधून देते. भारतातल्या वापरकर्त्यांपैकी किती टक्के हवेत, एक की दहा, एवढंच आपण सांगायचं. म्हणजे तुम्ही तुमचा नंबर कुणालाही दिला नसला, तरी तुमच्यासारख्या माणसांनी दिलेला असतो.

"पण आजीचा नंबर गेला कुठून?" मी विचारलं. भाच्याने उलट विचारलं, "तुम्ही दिला कुठे कुठे?" मोजायला बसलो. रक्त घ्यायला माणूस घरी यावा म्हणून लॅबच्या संकेतस्थळावर नोंदणी केली होती, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर हवा म्हणून नंबर सासूबाईंचाच दिला होता. त्या लॅबचं गोपनीयतेचं पान मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. त्यात 'विपणन भागीदारां'ना माहिती देण्याची मुभा कंपनीने स्वतःच घेऊन ठेवली होती. औषधाच्या दुकानात सवलतीसाठी नंबर. चष्म्याच्या दुकानात नंबर. मॉलमध्ये बिल करणारी मुलगी म्हणते, "नंबर सांगा ना, मॅडम," आणि आपण मागे उभ्या असलेल्या दहा माणसांच्या देखत तो मोठ्याने सांगतो. शिवाय निदान झाल्यापासून सासूबाई दुपारभर साखरेवरचे व्हिडिओ पाहत होत्या. "बघितले असतील एक-दोन," त्या म्हणाल्या. भाच्याने इतिहास उघडला, तर कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, मेथीचं पाणी यांतून बाहेर यायला बराच वेळ लागला.

आणखी एक वाट अशी. अनेक संकेतस्थळांवर डोळ्यांना न दिसणारा कोडचा छोटा तुकडा बसवलेला असतो, धंद्यात त्याला पिक्सेल म्हणतात. तुम्ही तपासणी निवडली, पैसे भरले, की त्याची खबर तो समाजमाध्यमाच्या कंपनीला पोचवतो. यांपैकी कोणत्या वाटेने माहिती गेली हे ग्राहकाला कधीच सांगितलं जात नाही.

हे आमच्याच घरी घडलं असंही नाही. अमेरिकेत गुडआरएक्स नावाची औषधांवर सवलत मिळवून देणारी कंपनी आहे. विशिष्ट औषधं घेणाऱ्या ग्राहकांच्या याद्या करून, त्यांचे फोन नंबर आणि ईमेल फेसबुकवर चढवून, त्यांना आरोग्याच्या जाहिराती दाखवल्या, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर ठेवला आणि २०२३ मध्ये कंपनीने १५ लाख डॉलर दंड भरायचं कबूल केलं. ट्विटरचं प्रकरण २०२२ चं. खात्याच्या सुरक्षिततेसाठी म्हणून घेतलेले फोन नंबर त्यांनी जाहिरातींसाठी वापरले. दंड १५ कोटी डॉलर. आकडा मोठा वाटतो. पण २०२४ मध्ये फेसबुकची मालक असलेल्या एकट्या मेटाचं उत्पन्न १६४ अब्ज डॉलर होतं आणि त्यातले १६० अब्ज जाहिरातींचे, हे पाहिलं की असल्या दंडांचा धाक किती बसत असेल ते समजतं.

आता आम्ही काय केलं ते सांगते. सगळं एका बैठकीत होतं.

सुरुवात फोनपासून. प्रत्येक अँड्रॉइड फोनला जाहिरातींसाठी एक ओळख क्रमांक असतो. निरनिराळी ॲप त्यावरून तुम्हाला एकच माणूस म्हणून ओळखतात. सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात ॲड्स, तिथे 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' दिसेल. काही फोनमध्ये हे प्रायव्हसीच्या खाली असतं. काढून टाका, काही बिघडत नाही. आयफोनवाल्यांनी प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये 'ट्रॅकिंग' उघडून ॲपना परवानगी विचारण्याचीच मुभा बंद करावी. ही सोय ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आणली. त्याच बैठकीत कोणत्या ॲपला लोकेशन आणि कॉन्टॅक्ट्स दिलेत तेही पाहा. टॉर्चच्या ॲपला तुमच्या माहेरच्या माणसांचे नंबर कशाला हवेत?

फेसबुक-इन्स्टाग्राम वापरत असाल तर त्यांच्या अकाउंट्स सेंटरमध्ये 'युवर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' नावाचं पान आहे. मुद्दाम आडबाजूला ठेवल्यासारखं आहे, पण शोधा. कोणकोणत्या दुकानांनी, ॲपनी, संकेतस्थळांनी तुमच्या हालचाली कळवल्या त्याची यादी तिथे असते. मागची यादी पुसा आणि पुढची जोडणीही तोडा. नुसतं पुसून भागत नाही, ती पुन्हा भरते. गूगलच्या 'माय ॲड सेंटर'मध्ये व्यक्तिगत जाहिराती पूर्ण बंद करता येतात. ते नको असेल तर जुगार, दारू, वजन घटवणं, गर्भारपण यांसारखे विषय तरी कमी करता येतात. ज्या घरात नुकताच गर्भपात झालाय, तिथे हा शेवटचा विषय आधी बंद करावा. बाळाच्या कपड्यांच्या जाहिराती कुणाचं दुःख पाहून थांबत नाहीत.

एवढं करून जाहिराती कमी होतील अशी आशा धरू नका. तेवढ्याच दिसतील, फक्त नेम चुकेल. सासूबाईंना हल्ली ट्रॅक्टरच्या जाहिराती येतात. त्या खूश आहेत.

खरं काम नंबरचं आहे. फोनमधली कुठलीही सेटिंग्ज दुकानदाराच्या वहीतला नंबर पुसू शकत नाहीत. बिलासाठी नंबर देणं सक्तीचं नाही. ग्राहकांवर अशी सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना बजावलं आहे. काउंटरवर "नंबराशिवाय सिस्टिम पुढे जात नाही" हे ठरलेलं उत्तर मिळतं. शांतपणे उभं राहिलं की सिस्टिम बहुधा पुढे जाते. आम्ही आता घरातलं एक जुनं सिम खरेदी, सवलती, कुरिअर यांसाठी वेगळं ठेवलंय. बँक, आधार आणि समाजमाध्यमांची खाती ज्या नंबरावर आहेत तो नंबर दुकानात सांगायचा नाही, हा घरचा नियम. जाहिरातीतल्या आधीच भरलेल्या फॉर्मला तर हातच लावायचा नाही. आजारपणात सल्ला हवा असेल तर आपण डॉक्टरांना फोन करावा. जो डॉक्टर स्वतः फोन करून औषध विकतो त्याचा फोन ठेवून द्यावा. नको असलेल्या फोनसाठी १९०९ ला 'स्टार्ट ०' असा संदेश पाठवता येतो. नोंदणीकृत विक्रेते त्याने थांबतात. साध्या दहा आकडी नंबरावरून येणाऱ्यांची तक्रारही तिथेच करायची. आणि 'मुळापासून बरं' करणारी जाहिरात दिसली तर तिचा स्क्रीनशॉट काढून अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवा. ती शेजाऱ्याला दिसत नाही, म्हणून हे काम तुमचंच आहे.

कायद्याचं विचाराल, तर गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने दिला. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला २०२३ मध्ये, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. संमतीची सूचना मराठीतही मागता येईल, अठरा वर्षांखालच्यांवर नजर ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत, दंड अडीचशे कोटींपर्यंत होऊ शकेल, हे सगळं चांगलंच. पण आरोग्याच्या माहितीला वेगळं, जास्त कडक संरक्षण द्यायची तरतूद २०१९ च्या मसुद्यात होती, ती अंतिम कायद्यात राहिली नाही. रक्ताचा रिपोर्ट आणि बुटाचं माप आपल्या कायद्याच्या लेखी एकाच पंगतीत बसतात. मला हे मान्य नाही, आणि कुठल्याही मधुमेह्याला मान्य होऊ नये.

तोवर एवढं करा: या रविवारी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचा फोन, त्यांना विचारून, मागून घ्या. जाहिरातींचा आयडी काढा, बाहेरच्या हालचालींची यादी पुसून जोडणी तोडा आणि गेल्या महिन्यात एखाद्या जाहिरातीत नंबर दिला होता का, ते न रागावता विचारा. रागावलात तर पुढच्या वेळी तुम्हाला सांगणार नाहीत.