तोच पंप तिसऱ्यांदा का बिघडला?

‘दोन वर्षं मेंटेनन्सला होता, आता म्हणे रिलायबिलिटीत घेतायत. ही बढती की बाजूला काढणं?’ पाताळगंगेच्या एका केमिकल कारखान्यातल्या मुलाच्या वडिलांचा हा प्रश्न. बढतीच समजा, काका.

एका पंपाचं बेअरिंग दर तीन महिन्यांनी जातं. मेंटेनन्सवाला नवं बसवून पंप चालू करून देतो. प्रॉडक्शनवाले मागे लागलेले असतात, त्याला तेवढीच उसंत. रिलायबिलिटी इंजिनिअर मात्र काढलेलं बेअरिंग भंगारात जाऊ देत नाही. ते कापून बघतो. बॉल धावल्याचा पट्टा रिंगच्या कडेला समांतर हवा, तो तिरका पडलाय. व्हायब्रेशनच्या नोंदी काढतो: मोटर मिनिटाला २९८० फेरे, म्हणजे सेकंदाला जवळपास ५०, आणि कंपनाची उंच रेघ १०० च्या आसपास, दुप्पट. संशय अलाइनमेंटवर. मग सक्शनच्या फ्लँजचे बोल्ट सैल करायला सांगतो, तर पाइप टणकन बाजूला सरकतो. उभारणीच्या वेळीच तो ओढूनताणून बसवलेला. पंप तेव्हापासून वाकड्यात फिरतोय. दोष बेअरिंगचा नव्हताच. पाइपचा आधार नीट केला की झालं.

ठरल्या मुदतीला पार्ट बदलला की बिघाड टळतो, ही समजूतही इथे टिकत नाही. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी १९७८ च्या अहवालात दाखवलं, की अभ्यासलेल्या विमानभागांपैकी ८९ टक्के भागांना अशा मुदतीचा काहीच फायदा नव्हता.

डिप्लोमा असो की डिग्री. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, केमिकल, कुठूनही येता येतं. पण थेट कॉलेजातून शक्यतो नको. आधी दोन-चार वर्षं फिटरच्या शेजारी उभं राहावं. तो हाताने जे ओळखतो ते लॅपटॉपवर दिसत नाही. संख्याशास्त्र पक्कं हवं. वायबुल वितरण परीक्षेपुरतं पाठ केलं असेल, तर पुन्हा उघडा. व्हायब्रेशन अ‍ॅनालिस्टच्या आयएसओ १८४३६ प्रमाणपत्राच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या दोन नोकरी करताना होतात.

उतावळ्या मुलाने इकडे फिरकू नये. आणि आईवडिलांनो, शटडाऊन लागला की दिवाळीलाही मुलगा घरी येईलच असं धरून चालू नका.