पटाशीच्या दातांवरील पिवळे पट्टे : दंतवल्क, प्रथिने आणि आपल्या भागातील पाणी

आपल्या न्यासाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च व रुग्णसंख्या यांच्या जोडीला रुग्णांच्या कुटुंबीयांना उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासलेख असावा, अशी आमची धारणा आहे. या वेळी विषय घेतला आहे तो दातांचा. बल्लारपूरच्या आसपासच्या खेड्यांतून येणारे पालक आठ-दहा वर्षांच्या मुलाला दंतविभागात पुढे करतात आणि सांगतात, "कितीही घासले तरी याचे दात पिवळेच." त्यापाठोपाठ, बहुधा मुलाच्या देखतच, दुसरी शंका येते : "चोरून खर्रा तर खात नसेल?" चंद्रपूर-गडचिरोली भागात खर्र्याचे व्यसन ज्या प्रमाणात पसरले आहे ते पाहता ही शंका अस्वाभाविक म्हणता येत नाही. परंतु अशा पुष्कळ मुलांच्या बाबतीत ती अन्यायाची असते. दातांवरील तो पट्टा मूल दोन-अडीच वर्षांचे असतानाच ठरून गेलेला असतो. हे कसे घडते ते समजण्यासाठी दाताचे कवच कसे तयार होते ते पाहावे लागेल. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे. तेव्हा दंतवैद्यांशी बोलून व वाचून जे उमगले ते आमच्या भाषेत मांडत आहोत.

दाताचे बाहेरचे शुभ्र कवच म्हणजे दंतवल्क, ज्याला आपण एनॅमल म्हणतो. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा असतो. हाड मोडले तर ते जुळते, कातडी फाटली तर ती भरून येते. दंतवल्काला मात्र ही सोय नाही. ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतायेताच नष्ट होतात. जे काय घडायचे ते हिरडीच्या आत, एकदाच.

आश्चर्य असे की इतक्या कठीण वस्तूची सुरुवात मऊ प्रथिनांपासून होते. पेशी प्रथम प्रथिनांचा एक लगदा स्रवतात. त्यातील सुमारे ९० टक्के भाग अमेलोजेनिन नावाच्या प्रथिनाचा असतो. अमेलोब्लास्टिन व एनॅमेलिन ही दोन प्रथिने थोड्या प्रमाणात असतात. या लगद्याच्या आधाराने स्फटिकांचे अतिसूक्ष्म धागे उभे राहतात. इमारत बांधताना परांची बांधावी तशी ही प्रथिने होत. मात्र ती पेशीतून जशीच्या तशी बाहेर पडत नाहीत. बाहेर जाण्यापूर्वी पेशीच्या आतल्या कोठारात त्यांच्यावर रासायनिक संस्कार होतात. कोणाला शर्करेच्या साखळ्या जोडल्या जातात, तर कोणाला फॉस्फेटचा एक गट चिकटविला जातो. या दुसऱ्या क्रियेस फॉस्फोरिलीकरण म्हणतात. कार्यालयीन भाषेत सांगायचे तर कागद तयार असतो, परंतु मुद्रांक लागल्याशिवाय तो चालत नाही.

मानवी अमेलोजेनिनमध्ये सुमारे पावणेदोनशे ॲमिनो आम्ले ओळीने गुंफलेली असतात. त्यांपैकी फॉस्फेटचा मुद्रांक लागतो तो फक्त एकावर, सोळाव्या स्थानावरील सेरीनवर. एवढ्याशा फरकाने काय बिघडणार, असे कोणालाही वाटेल. अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांमध्ये नेमके ते सेरीन बदलून तेथे फॉस्फेट लागूच शकणार नाही अशी व्यवस्था केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्या उंदरांचे दंतवल्क पातळ व विस्कळीत निघाले. फॉस्फेटचे काम घाई थोपविण्याचे असते. कॅल्शियम-फॉस्फेट काही काळ ओल्या चुन्यासारखे आकारहीन राहावे व रचना बसल्यावरच त्याचे स्फटिक व्हावेत, हे तो गट सांभाळतो. तो नसला की स्फटिक अवेळी व वेडेवाकडे जमतात.

हा मुद्रांक लावणारे एन्झाइम कोणते, हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. दुधातील केसिन या प्रथिनात फॉस्फरस असतो हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. तो तेथे बसविणारे एन्झाइम मात्र २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील प्रयोगशाळेत निश्चित झाले. त्याचे नाव फॅम-२०-सी. केसिनवर व दंतवल्काच्या प्रथिनांवर फॉस्फेट बसविणारे हे एकच एन्झाइम आहे. दुधात एवढे कॅल्शियम असूनही त्याचे खडे होत नाहीत, याचे श्रेय केसिनवरील फॉस्फेटला जाते. आईच्या दुधाची आणि बाळाच्या दाताची अशी एक सोयरीक आहे, हे वाचून आम्हांला मौज वाटली.

फॅम-२०-सीचा मदतनीस म्हणजे फॅम-२०-ए. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असला की दंतवल्क जवळजवळ तयारच होत नाही; दात पिवळे व खुजे दिसतात, हिरड्या सुजून वाढतात आणि पुष्कळदा मूत्रपिंडात कॅल्शियम साठते. हा आजार अत्यंत विरळ आहे. पण आई-वडील दोघेही त्या दोषाचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारांत एक असते. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ समाजांत आहे, म्हणून येथे उल्लेख केला. ज्या मुलाचे सगळेच दात असे असतील व हिरड्याही वाढलेल्या असतील, त्याच्या पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

आता आपल्या भागातील मुख्य प्रश्नाकडे वळू. परांचीचे काम संपल्यावर ती उतरवावी लागते. दंतवल्कातही दोन एन्झाइमे प्रथिनांचे तुकडे करतात, ते तुकडे बाहेर काढले जातात आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्फटिक जाड होत जातात. या काळात मुलाच्या शरीरात फ्लोराइड प्रमाणाबाहेर जात असेल, तर ही उतरवणी रेंगाळते. अमेलोजेनिन आतच अडकून राहते, स्फटिकांना वाढण्यास जागा मिळत नाही आणि पृष्ठभागाखालचे दंतवल्क सच्छिद्र राहते. यालाच दंत फ्लोरोसिस म्हणतात. असा दात हिरडीतून येतो तेव्हा खडूसारखा पांढरा असतो. पुढे त्या छिद्रांत रंग मुरतो व पिवळे, तपकिरी पट्टे उमटतात. म्हणूनच पालक म्हणतात की दात आले तेव्हा चांगले होते, मुलाने नंतर खराब केले. त्यांचे निरीक्षण खरे असते, निष्कर्ष तेवढा चुकतो.

भारतात फ्लोरोसिसची नोंद प्रथम १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. चंद्रपूर व शेजारचा यवतमाळ हे जिल्हेही फ्लोराइडयुक्त भूजलासाठी परिचित आहेत. फ्लोराइड येते ते खडकांतून. पाणी जितका काळ खडकात मुरते आणि त्यात कॅल्शियम जितके कमी, तितके फ्लोराइड अधिक विरघळते. वर्धेसारख्या नदीच्या वाहत्या पाण्यात ते सहसा कमी असते, खोल बोअरिंगच्या पाण्यात जास्त असू शकते. एकाच गावातील दोन हातपंपांच्या पाण्यातही मोठा फरक आढळतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोतच नसल्यास १.५ पर्यंत चालते. या पाण्याला रंग, वास वा चव नसते. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. आपल्या विदर्भाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा पद्धत' नागपूरच्या नीरी या संस्थेने १९७० च्या दशकात विकसित केली. आरओ यंत्रानेही ते निघते. मात्र यंत्राची देखभाल होत नसेल तर त्यावर विसंबू नये.

वयाचा हिशेब पालकांनी नीट लक्षात घ्यावा. समोरच्या कायमच्या पटाशीच्या दातांचे दंतवल्क मूल तीन-चार महिन्यांचे असताना बनू लागते व चार-पाच वर्षांपर्यंत पूर्ण होते. अक्कलदाढा सोडल्यास इतर सर्व दातांचे काम आठव्या वर्षापर्यंत आटोपते. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाने प्यायलेले पाणी दातावर दिसते ते सातव्या-आठव्या वर्षी. तोवर कुटुंब कदाचित त्या गावातून निघूनही गेलेले असते. आठ वर्षांनंतर पाणी बदलल्याने हे पट्टे जाणार नाहीत. परंतु हाडांच्या फ्लोरोसिसपासून संरक्षण होते आणि घरातील धाकट्या भावंडांचे दात वाचतात. एका मुलाचे पट्टे हा त्याच्या पाठच्या भावंडासाठी वेळेवर मिळालेला इशारा होय, असे आम्ही पालकांना आवर्जून सांगतो.

खर्र्याचा डाग पृष्ठभागावर बसतो व दंतवैद्याने सफाई केल्यावर बराचसा निघतो. फ्लोरोसिसचा पट्टा घासून निघत नाही, आणि डाव्या-उजव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर तो बहुधा सारखाच असतो. राखुंडी, विटकरीची पूड किंवा बाजारातील खरखरीत मंजन यांनी तो घासणे म्हणजे आधीच दुबळे असलेले कवच झिजविणे. सौम्य पट्टे दंतवैद्य वरचा अगदी पातळ थर काढून फिके करू शकतात. गडद असल्यास दाताच्या रंगाचा लेप बसविता येतो. लहान मुलांना टूथपेस्ट वाटाण्याएवढीच द्यावी व ती गिळू न देता थुंकावयास लावावी.

असे पट्टे असलेल्या मुलाला दाखविण्यास आणताना दोन गोष्टी सोबत असाव्यात. पहिली, घरात धाकटे मूल ज्या बोअरिंगचे किंवा विहिरीचे पाणी पिते त्याचा एक लिटर नमुना. तो काचेच्या नव्हे तर स्वच्छ धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत आणावा, कारण फ्लोराइडची काचेशी प्रक्रिया होते. दुसरी, मूल जन्मापासून पाच वर्षांचे होईपर्यंत कोणकोणत्या गावी राहिले त्यांची नावे, आजोळ धरून.