फांदी तोडण्याआधी : झाडही जगवू, स्वतःलाही जपू



भात-नागलीची कापणी झाली, की अकोले तालुक्यातल्या आपल्या तायांच्या हातात कोयता येतो. राबासाठी ऐनाचा टहाळ हवा, चुलीला लाकूड हवं. हे काम आपण लहानपणापासून करतो, म्हणून त्यात शिकण्यासारखं काही आहे असं वाटत नाही. पण झाडावरून एक बाई पडली, तर घराची घडी विसकटते आणि धंद्यासाठी घेतलेलं गटाचं कर्ज दवाखान्यात जातं. आजचा धडा त्यासाठीच.

आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. पण तिथे गवत विळ्याने कापून न्यायला मुभा ठेवली. म्हणजे नुसतं "बंद" म्हटलं नाही. काय न्यायचं, कसं न्यायचं, हे गावाने मिळून ठरवलं. आपल्यालाही तेच करायचं आहे.

झाडासाठी

१. एकाच झाडाची दरवर्षी तोड करू नका. राबाच्या जागेचे तीन भाग पाडा आणि दरवर्षी एकाच भागातून टहाळ घ्या. बाकीच्या दोन भागांना तेवढी विश्रांती मिळते.

२. झाडाचा शेंडा आणि वरच्या फांद्या ठेवा. झाड बोडकं केलं, तर त्याचं अन्न कोण बनवणार?

३. जाड फांदी एका घावात पाडू नका. वजनाने ती खाली येते आणि खोडाची साल ओरबाडून नेते. आधी खोडापासून वीतभर अंतरावर खालच्या बाजूने थोडा काप घ्या. मग त्याच्या जरा पुढे वरून कापा. फांदी पडली, की उरलेला खुंट करवतीने काढा. खोडाला जखम होऊ देऊ नका.

४. चुलीसाठी आधी वाळलेलं, पडलेलं लाकूड गोळा करा. हिरड्यासारख्या फळ देणाऱ्या झाडाची फांदी तोडली, तर पुढच्या हंगामाचं उत्पन्नच तोडलं.

स्वतःसाठी

१. एकटीने जायचं नाही. आपल्या भागात बिबट्या आहे, म्हणून दिवस मावळायच्या आत घरी.

२. कोयत्याची मूठ घट्ट आहे ना, धार आहे ना, ते घरीच बघा. बोथट कोयता घसरतो आणि पायावर बसतो.

३. पदर खोचा, काष्टा घट्ट घ्या. दवाने ओल्या झालेल्या खोडावर चढू नका. कोयता हातात धरून चढू नका. वर गेल्यावर दोराने ओढून घ्या.

४. झाडाकडे आधी नीट बघा. वाळकी फांदी, मोहोळ, विजेची तार. तारेजवळचं झाड असेल तर हात लावायचा नाही, वायरमनला सांगायचं.

५. वर कोणी असेल तर खाली कोणी उभं राहायचं नाही. लेकरं तर लांबच.

६. एका मोठ्या मोळीपेक्षा दोन लहान बऱ्या. डोक्यावर चुंबळ घ्या. मान आणि कंबर जन्मभर पुरवायची आहे.

कोणी पडलंच तर

हातपाय धरून उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. मान हलू देऊ नका. १०८ ला फोन करा. हलवावंच लागलं तर फळीवर किंवा दारावर आडवं ठेवून न्या. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये बँक खात्यातून कापले जातात. अपघाती मृत्यू झाल्यास घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. १८ ते ७० वयाच्या प्रत्येक ताईचा फॉर्म भरला आहे का, ते गटाच्या वहीत तपासा.

कायदा काय सांगतो?

ऐन, हिरडा, मोह, आंबा, जांभूळ ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. दुसरीकडे, २००६ च्या वनहक्क कायद्याने हिरडा, मध यांसारखं गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. हा कायदा कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यालाही लागू आहे. त्याच कायद्याने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. हक्क आपला, तशी राखणही आपली.

पुढच्या बैठकीत

तीन गोष्टी ठरवा आणि इतिवृत्तात लिहा : या वर्षी टहाळ कोणत्या भागातून घ्यायचा, कोणत्या दोघी-तिघींनी जोडीने जायचं, आणि कोणाचा विमा राहिला आहे. ठरलेलं ग्रामसभेत मांडा. एका गटाने पाळलेला नियम गावाने उचलला, तर तुमच्या नातीलाही त्याच ऐनाचा टहाळ मिळेल.