हलक्या रानाच्या कुरणासाठी सिराट्रो वेल

खंडाळा तालुका खंबाटकी घाटाच्या उत्तरेस, नीरा नदीच्या उजव्या तीराला, पर्जन्यछायेत वसलेला आहे. कालव्याचे पाणी पोहोचलेल्या शिवारात बागायत दिसते. माळ व डोंगरउतार मात्र पावसावरच अवलंबून आहेत. तेथील कुसळी गवत फुलोऱ्यानंतर राठ होते व उन्हाळ्यात त्यात प्रथिनांचा अंश फारच थोडा उरतो. शेळ्यामेंढ्यांचे पोट भरते, पण अंग धरत नाही. ही उणीव द्विदल वैरणीनेच भरून निघते.

मटकी येथील शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. तिचे वेल जमिनीवर पसरून अल्प ओलीवर तग धरतात, परंतु हंगाम संपताच ती संपते. सिराट्रो ही तिच्याच कुळातील बहुवर्षायू वेल होय. दोन मेक्सिकन वाणांच्या संकरातून ऑस्ट्रेलियात सिद्ध झालेली ही जात तेथे 1960 साली प्रसारित झाली. तिचे सोटमूळ खोल जाते. ओलसर जमिनीस टेकलेल्या पेऱ्यांना मुळ्या फुटतात. कडक उन्हात पाने कडा सूर्याकडे वळवून ओल राखतात. अवर्षण लांबल्यास पाने गळतात, पण पाऊस पडताच वेल पुन्हा फुटते. पाणथळ जागी मात्र ती टिकत नाही.

बियांचे कवच कठीण असते. म्हणून बी जाड वाळूबरोबर कापडी पिशवीत चोळून घ्यावे. त्यातील मूठभर बी रात्रभर भिजत ठेवावे. बरेचसे बी न फुगल्यास उरलेले पुन्हा चोळावे. पावसाळ्याच्या आरंभी मारवेल किंवा पवन्या गवताबरोबर एकरी 1 ते दीड किलो बी, बोटाच्या पेराहून कमी खोलीवर पेरावे. सुपर फॉस्फेट दिल्यास वाढ जोमदार होते. पहिल्या पावसाळ्यात जनावरे सोडू नयेत.

खरी अडचण पेरणीनंतरची आहे. या वेलीचे कोंब जमिनीपासून वर, वेलावरच असतात. ते खुडले गेले की नवीन फूट मंदावते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात, जेथे तिची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली, तेथेही अति चराईच्या कुरणांतून ती नाहीशी होत गेली. मग येथील गायरानात, जेथे सर्वांची जनावरे व कोणाचीच राखण नाही, तिची काय अवस्था होईल हे सांगावयास नको. चार शेळ्यांवर संसार असलेल्या कुटुंबास ‘रान राखा’ एवढेच सांगून भागत नाही. त्याला त्या दिवसांचा चारा दुसरीकडून मिळाला पाहिजे. यास्तव गायरानाचे तीन भाग पाडून, दोन चराईस खुले ठेवून, एक आळीपाळीने शेंगा गळेपर्यंत राखावा. गावाची संमती नसेल तर गायरानात बी टाकू नये. आपल्या बांधावर व ताली-वरंब्यांवर लावावे आणि वीतभर खुंट ठेवून कापून घालावे.

शेंगा वाळताच तडकून बी दूर उडते. कुरणात हे इष्टच आहे, कारण जुनी रोपे काही वर्षांत मरतात व त्यांची जागा या बियांतून उगवलेली रोपे घेतात. विक्रीसाठी वा पुढील पेरणीसाठी बी हवे असल्यास शेंगा तपकिरी होऊ लागताच सकाळच्या दवात तोडून ताडपत्रीवर, वरून कापड झाकून वाळवाव्यात.