आपोआप बंद होणारे दार

निकालाचे दिवस आले, की फ्रीगंजमधील ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांपुढे विद्यार्थी व पालक यांची रांग लागते. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षेचे शुल्क, निवृत्तिवेतन, रेल्वेचे आरक्षण, ज्या ज्या कामांसाठी पूर्वी निरनिराळ्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागत, ती आता संगणकाच्या एका पडद्यावर होतात. सोय मोठी खरी. परंतु तिच्याबरोबर एक नवे गाऱ्हाणेही जन्मास आले आहे. अर्जाचे सारे रकाने भरून होतात, शेवटचे बटण दाबले जाते, आणि पडद्यावर सूचना उमटते, की आपले सत्र समाप्त झाले असून पुन्हा लॉगिन करावे. लिहिलेले सर्व नाहीसे होते. पुन्हा परवलीचा शब्द, पुन्हा मोबाइलवर येणारा ओटीपी, पुन्हा पहिला रकाना! असे दोन-तीन वेळा घडले म्हणजे शांत मनुष्यासही संताप यावा यात नवल नाही. परंतु नुसत्या संतापाने कारण कळत नाही. म्हणून हे दार आपोआप का बंद होते, त्यात न्याय किती व अन्याय किती, याचा थोडा विचार येथे करू.

प्रथम मूळ कारण पाहू. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली ज्या जागतिक जालाची कल्पना मांडली, त्याच्या देवघेवीच्या नियमास एचटीटीपी म्हणतात. या नियमास स्मरणशक्ती नाही. आपला संगणक एक पान मागतो, दूरचा सर्व्हर ते पाठवितो, आणि तेथे व्यवहार संपतो. पुढचे पान मागणारा मनुष्य तोच आहे, हे सर्व्हरला ठाऊक नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ साली एक तोड काढली. सर्व्हरने ओळखीची लहानशी खूण आपल्या ब्राउझरकडे द्यावी व ब्राउझरने प्रत्येक मागणीबरोबर ती दाखवावी. हिलाच कुकी म्हणतात. देवदर्शनास जाताना जोडे सांभाळणारा आपल्याला बिल्ला देतो. परत आल्यावर तो आपला चेहरा पाहत नाही, बिल्ला पाहतो. तोच हा प्रकार होय.

पण बिल्ला ज्याच्या हाती, जोडे त्याचे! ओळखीची खूण दुसऱ्याच्या हाती पडली, तर त्यास आपल्या नावाने सर्व काही करता येते. २०१० साली फायरशीप नावाच्या एका छोट्या प्रोग्रामने उघड्या वाय-फायवर शेजाऱ्याची कुकी किती सहज उचलता येते हे जगाला दाखविले. शिवाय अर्ज भरण्याच्या केंद्रात एकाच संगणकावर दिवसभरात अनेकजण बसतात. आपण उठून गेलो आणि दार उघडे राहिले, तर नंतर बसणाऱ्यास आपली गुणपत्रिका, आधार क्रमांक, बँकेचे खाते, सारेच दिसावयाचे. म्हणून खुणेस मुदत घालावी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकसंस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमांत मध्यम सुरक्षेच्या पातळीसाठी ३० मिनिटांची, तर सर्वोच्च पातळीसाठी १५ मिनिटांची निष्क्रियतेची मर्यादा सांगितली होती. तेव्हा दार बंद होणे हा मुळात दोष नसून संरक्षण आहे, हे मान्य केले पाहिजे.

पुष्कळ संकेतस्थळे पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेली असतात. तीत सत्राची मर्यादा कोणी न बदलल्यास १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे असते. उज्जैनच्या विद्यार्थ्यांस या आकड्याची मौज वाटावी, कारण २४ मिनिटे म्हणजे बरोबर एक घटिका! जुन्या भारतीय ज्योतिषाने ज्या नगरीवरून मूळ रेखावृत्त मानले आणि जिच्यात सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात वेधशाळा उभारली, त्या नगरीस घटिकेची ओळख करून द्यावयास नको. बुडाशी बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडीत. ते भरून बुडाले म्हणजे एक घटिका झाली. सर्व्हरचेही तसेच आहे. आपण नवे पान मागितले, की पात्र रिकामे होऊन पुन्हा तरंगू लागते. मागणी थांबली, की ते भरू लागते.

खरी मेख येथेच आहे. आपण रकान्यात अक्षरे लिहीत असतो, तेव्हा बहुतेक साध्या अर्जांत ती आपल्याच संगणकावर राहतात. बटण दाबीपर्यंत सर्व्हरला त्यांची वार्ताही नसते. आपण मनापासून काम करीत असतो, आणि तो समजतो की हा मनुष्य उठून गेला. याचा परिणाम असा, की भराभर टंकलेखन करणारा सुटतो आणि सापडतो तो सावकाश लिहिणारा: देवनागरीची कळ एकेक शोधणारे आजोबा, चष्म्यातून प्रत्येक ओळ दोनदा वाचणारी आई, अपंग विद्यार्थी. ज्याने अधिक काळजी घेतली त्यासच शिक्षा व्हावी, हा न्याय नव्हे.

दर दोन-चार मिनिटांनी बाहेर पडावे लागत असेल, तर मात्र कारण बहुधा वेगळे असते. ब्राउझरने कुकी नाकारली असेल; संगणकाचे घड्याळ पुढे गेल्यामुळे खुणेची मुदत संपल्यासारखी भासत असेल; मोबाइलचे नेटवर्क बदलताच पत्ता बदलला व सर्व्हरला संशय आला असेल; किंवा संकेतस्थळाचे अनेक सर्व्हर असून एकाची नोंद दुसऱ्यास दिसत नसेल. पहिली दोन कारणे आपणास तपासता येतात. शेवटची दोन चालकांनीच दूर करावयाची असतात. तेथे वापरणाऱ्यास अडाणी ठरविणे योग्य नाही.

मग सुरक्षा आणि सोय यांचा मेळ कसा घालावा? जागतिक जालाच्या मानकसंस्थेने २००८ साली सुगमतेचे निकष प्रसिद्ध केले. मुदत संपण्यापूर्वी सूचना द्यावी व ती वाढविण्यास निदान २० सेकंद द्यावेत, हा त्यांनी सांगितलेल्या मार्गांपैकी एक. पुन्हा लॉगिन केल्यावर लिहिलेला मजकूर जसाच्या तसा मिळावा, असेही त्यांच्या सर्वोच्च पातळीत म्हटले आहे. म्हणजे उपाय अज्ञात नाही. तो अमलात आणण्याची कळकळ मात्र हवी.

तोपर्यंत आपण काय करावे? लांब मजकूर आधी वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवावा व मग रकान्यात उतरवावा. कागदपत्रे जवळ घेऊनच अर्जास बसावे. 'जतन करा' असे बटण असल्यास प्रत्येक टप्प्यावर ते दाबावे. 'मला लक्षात ठेवा' हा पर्याय केवळ स्वतःच्या संगणकावर निवडावा, आणि सार्वजनिक संगणकावरून उठताना स्वतःहून लॉगआउट करावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहीजण पुढे अशी संकेतस्थळे तयार करतील. त्या वेळी एवढेच स्मरणात असू द्या, की दार बंद करणे हे रखवालदाराचे कर्तव्य आहे. पण आत बसून शांतपणे लिहिणाऱ्यास हाक न मारता, त्याचा कागद फाडून त्यास बाहेर काढणे ही रखवाली नव्हे.