आधी खाली जमिनीवर बस

अगं, चिंचिलाचा नाद सोडलास ते फार बरं केलंस. राखेत लोळताना तो गोड दिसतो हे कबूल, पण तो पडला अँडीज पर्वतातला, थंड आणि कोरड्या हवेतला जीव. त्याच्या कातडीच्या एकेका छिद्रातून पन्नासच्या वर केस निघतात. पारा २५ अंशांच्या वर गेला की त्याची काहिली सुरू होते, आणि आपल्या सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी चाळिशी ओलांडलेली असते. एसी लावशील गं, पण वीज गेल्यावर काय करशील? ससाही उन्हाचा गडी नाहीच, पण त्याला निभावून नेता येतं. त्यातही तू आखूड केसांचा आणलास हे उत्तम. अंगोरा असता तर रोज फणी घेऊन बसली असतीस.

आता तुझी तक्रार. जवळ येत नाही, उचलला की लाथा झाडतो, ओरबाडतो. तो माजलेला नाही, घाबरलेला आहे. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला मागचं दिसतं, वरचं दिसतं, पण नाकाच्या अगदी पुढ्यातलं नेमकं दिसत नाही. तू उभ्याने वाकून हात खाली नेतेस तेव्हा त्याच्या लेखी घारच झेपावते. म्हणून आधी खाली बस. फरशीवर मांडी घाल, पेपर वाच, त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस. गुडघ्यापाशी कोथिंबिरीची काडी ठेव. येईल, हुंगेल, पळेल, पुन्हा येईल. हात नाकासमोर न नेता बाजूने ने आणि दोन डोळ्यांच्या मधे, कपाळावर हळू खाजव. दात बारीक करकरवायला लागला की समज, स्वारी खूश आहे. तेच करकरणं मोठ्यानं आणि अंग आखडून चाललं असेल तर मात्र कुठेतरी दुखतंय. मागचा पाय धाडकन आपटला तर उठून जा, आजचा दिवस संपला. मुलांनाही हाच नियम: भेटायचं तर बसून भेटायचं.

उचलायचं ते गरज असेल तेव्हाच. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच पोटाशी घट्ट. उचलतानाही तू बसलेलीच असावीस, म्हणजे निसटला तरी वीतभर उंचीवरून पडेल. हे का, तर त्याच्या मागच्या पायांत ताकद भारी आणि हाडं मात्र हलकी. मागची बाजू लोंबकळत असताना त्याने जोरात लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडतो आणि मागचे पाय कायमचे जातात. कानांना धरून उचलणारा कुणी दिसला तर सरळ रागव, वडीलधारा असला तरी. आणि ते पाठीवर उताणं करून ‘बघा कसा शांत झोपला’ म्हणतात ना, ती झोप नव्हे. भीतीनं थिजलेला असतो तो.

नखं कापायला दुसरं माणूस हवंच. त्याला गुंडाळायचं आणि एकेक पाय बाहेर काढायचा. इथे एक गंमत सांगते: घरात सोलापुरी टॉवेलांचे ढीग असले तरी ते नकोत. त्यांच्या फासांत नख अडकतं आणि झटका दिला की उपटून येतं. जुना, धुऊन मऊ झालेला पंचा घे. नखातली गुलाबी शीर सोडून फक्त टोक काप. नख काळं असेल तर मागून मोबाइलचा टॉर्च धर, शीर दिसते. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धर. महिना-दीड महिन्यातून एकदा पुरे, आणि एका बैठकीत चारही पाय झालेच पाहिजेत असं कुठेय? दोन आज, दोन उद्या.

आंघोळ घालायची नाही. पाण्यानं तो गारठतो आणि धसका घेतो. केस गळायला लागले की रोज मऊ ब्रश फिरव, कारण तो स्वतःला चाटतो आणि गिळलेले केस त्याला ओकता येत नाहीत. गाठ झाली तर कात्री लावू नकोस, कातडी कागदासारखी पातळ असते. बोटांनी सोडव. पावसाळ्यात मात्र रोज शेपटीखाली बघायचंच. तिथे लेंडी चिकटली, माशी बसली, की एका दिवसात अळ्या होतात.

उन्हाळ्यात शहाबादी फरशीची खोली त्याला दे, गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेव, कानांवरून ओला हात फिरव. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांतून टाकतो. आपली हवा कोरडी, त्यामुळे साधा कूलरही चांगलं काम करतो. आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम असेल त्या रात्री त्याला आतल्या खोलीत ने, पिंजऱ्यावर चादर टाक, लपायला एक खोकं ठेव.

खाण्यात वाळलं गवत सर्वांत जास्त. शेतावरून कुणी कोवळी ज्वारी आणली तर देऊ नकोस. जनावरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती यातूनच. बारा तास काही खाल्लं नाही, लेंडी टाकली नाही, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठ. त्यासाठी सशाची सवय असलेला डॉक्टर आत्ताच शोधून ठेव. कुत्र्याचा गोचिडांचा फिप्रोनिल स्प्रे सशाला विषारी आहे आणि तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन त्याचं पोट बिघडवून जीवच घेऊ शकतं. ही दोन नावं कागदावर लिहून पिंजऱ्याला चिकटव. उद्या तू घरी नसलीस आणि भाऊजींना पळावं लागलं तर तोच कागद ते डॉक्टरांपुढे धरतील.