हेडफोनवर भरदार, मोबाइलवर पोकळ

प्रश्न : भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग दोन माइकवर केलं. हेडफोनवर छान वाटतं, पण मोबाइलच्या एका स्पीकरवर मृदंग जवळजवळ गायब होतो. असं का?
– एक वाचक, देऊळघाट (जि. बुलढाणा)

उत्तर : हा फेजचा दोष आहे. डाव्या-उजव्या लहरी एकमेकींच्या उलट असल्या, की मोनोत मिसळताना एकमेकींना खाऊन टाकतात. सॉफ्टवेअरमधला कोरिलेशन मीटर उघडा. काटा 0 ते +1 मध्ये राहिला तर काळजी नको. मृदंगाच्या प्रत्येक थापेला तो –1 कडे झुकत असेल, तर आधी केबल तपासा. एक्सएलआरच्या पिन 2 आणि 3 एका टोकाला उलट जोडल्या गेल्या असतील. झालेल्या रेकॉर्डिंगमध्ये एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटवून पाहा. यापुढे मोनोत ऐकल्याशिवाय फाइल कुणालाही पाठवू नका.